कुत्रा एकच, स्वभाव दोन

ग्रेट पिरेनीज किंवा अनातोलियन शेफर्डसारखे कळपराखे कुत्रे घरी पाळणाऱ्यांची तक्रार ठरलेली: रात्री भुंकतो, पाहुण्यांना आत येऊ देत नाही, हाक मारली तरी स्वतःच्या मर्जीनेच येतो. मग आपण म्हणतो, 'जातच तशी!' थांबा, आधी थोडा इतिहास बघू.

नोव्हेंबर १८३३. डार्विन आजच्या उरुग्वेमध्ये होता. तिथे अगदी लहान पिल्लू आईपासून तोडून मेंढीच्या दुधावर वाढवत, वाड्यात त्याला लोकरीचं अंथरूण करत. इतर कुत्र्यांत किंवा घरातल्या मुलांत मिसळू देत नसत. मोठा झाल्यावर हा कुत्रा रोज मांस घ्यायला घरी येई आणि ओशाळल्यासारखा निघून जाई. घरची कुत्री त्याच्या मागे लागत. पण कळपाशी पोचताच तो उलटून भुंके, की तीच कुत्री धूम ठोकत!

१९७०च्या दशकात अमेरिकेत रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी इटली, तुर्कस्तान, युगोस्लाव्हियातून असे कुत्रे आणले, त्यांची पिल्लं शेतकऱ्यांना दिली. त्यांचं म्हणणंही असंच: जातीचा वाटा आहेच, पण पहिल्या सुमारे १६ आठवड्यांत पिल्लू ज्यांच्यात वाढतं, तेच त्याचं गणगोत.

म्हणजे घरात राखण सुटत नाही, फक्त कळप बदलतो. मेंढ्यांच्या जागी तुमची मुलं, लांडग्याच्या जागी कुरिअरवाला.

तुम्ही प्रबंधात 'स्वभाव' असा शब्द लिहाल, तेव्हा स्वतःला विचारा: मी तो पाहिला कुठे? डार्विन घरापाशीच थांबला असता, तर त्या कुत्र्याची नोंद 'भित्रा' अशी झाली असती.