जेन्ताक स्वेदगृह

अंगाला घाम आणण्यासाठी मातीची बांधलेली गरम खोली. ⇨चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १४व्या अध्यायात अग्नीच्या साहाय्याने होणाऱ्या स्वेदनाचे १३ प्रकार दिले असून जेन्ताक त्यांतील एक होय. फिनलंडच्या सौनाशी त्याचे साम्य ठळक आहे.

जलाशयाच्या दक्षिण वा पश्चिम काठावर, पाण्यापासून ७–८ अरत्नी (१ अरत्नी सुमारे ४५ सेंमी.) अंतरावर, काळ्या किंवा सोनेरी मातीच्या जागी ही गोल खोली बांधावी, असे ग्रंथ सांगतो. उंची-रुंदी जास्तीत जास्त १६ अरत्नी, झरोके अनेक. भिंतीलगत दारापर्यंत एक अरत्नी रुंद व तितकाच उंच ओटा. मधोमध पुरुषभर उंचीची, बारीक छिद्रांची, झाकणाची मातीची भट्टी. तिच्यात खैराची लाकडे पेटवून धूर पूर्ण गेल्यावरच तेल लावलेल्या रुग्णाला आत सोडत. घेरी आली तरी ओटा सोडू नये, कारण दाराची वाट चुकते, ही सूचना फार मोलाची आहे. घाम आल्यावर लगेच गार पाणी वर्ज्य. थोड्या वेळाने कोमट पाण्याने स्नान.

कोकणात आज असे घर बांधायला जांभा, माती, पाडलेल्या घराची मंगलोरी कौले व सागवानी दारे पुरतात. जुना रंग लागलेले लाकूड आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे मात्र घेऊ नयेत. धूर नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. म्हणून धुराडे व झरोके हवेतच. मीरा रोडच्या नया नगरसारख्या दाट इमारतींच्या वस्तीत निखाऱ्यांची भट्टी धोक्याची. तेथे वाफेची पेटीच योग्य.