धुराड्यातला वैल

गावाकडच्या चुलीला वैल असायचा. पुढे तव्यावर भाकरी, आणि मागे वळलेल्या जाळावर वरण रटरटत राही. वरणासाठी वेगळं लाकूड लागत नसे. नंदुरबार-अमळनेरकडून रेल्वेने उधन्याला उतरून सुरतेच्या कापडमिलांत कामाला लागलेल्या कित्येकांच्या घरी असा वैल होता. मिलमध्ये बॉयलर आणि चिमणी यांच्यामध्ये त्याचाच लोखंडी भाऊबंद बसलेला असतो : इकॉनॉमायझर.

नाव भारदस्त, पण माहेर घरगुती. ग्रीकमध्ये ‘ओइकोस’ म्हणजे घर आणि ‘ओइकोनोमिया’ म्हणजे घरचा कारभार. इंग्लंडमधल्या वेकफील्डच्या एडवर्ड ग्रीनने १८४५ साली या यंत्राचं पेटंट घेतलं. वेकफील्ड म्हणजे लोकरीच्या कापडाचा मुलूख. वाफ तयार झाल्यावर उरलेली धग चिमणीतून फुकट जाते, हे त्याने हेरलं. धुराच्या वाटेत त्याने बिडाच्या नळ्या उभ्या केल्या आणि बॉयलरमध्ये जाणारं पाणी आधी त्यांतून फिरवलं. नळ्यांवर काजळी धरू लागली, तेव्हा साखळीने वरखाली फिरणाऱ्या खरवडण्या आल्या.

सुरतेत वाफेची भूक मोठी. पॉलिएस्टरला पक्का रंग चढायला सुमारे १३० अंश तापमान लागतं, म्हणून कापड रंगवणाऱ्या जेट मशिनांना सतत वाफ हवी. बॉयलरमधून निघणारा धूर २०० अंशांच्याही वर असू शकतो. आत जाणारं पाणी दर ६ अंश जास्त तापलं, की इंधन सुमारे १ टक्का वाचतं, हा या धंद्यातला ठोकताळा. धुराने पाणी ६० वरून ९० अंशांवर नेलं, तर १०० टन कोळशात ५ टन शिल्लक.

हाव मात्र चालत नाही. धूर फार निववला, तर कोळशातल्या गंधकाचं आम्ल होऊन नळ्यांवर दव धरतं आणि लोखंड खातं. म्हणून थोडी धग चिमणीला सोडावीच लागते.

बॉयलरवाल्याची नजर धुराच्या दोन तापमानांवर असते : नळ्यांआधीचं आणि नंतरचं. दोहोंतला फरक घटला, की तो समजतो, काजळी धरली, नळ्या झाडायला हव्यात. वैलाचंही तसंच होतं. वरण शिजायला वेळ लागू लागला, की मधल्या वाटेतली राख ओढून काढावी लागे.