ला न्युए : प्रेक्षकांचा प्रतिसाद

ला न्युए (२०२०) हा ग्रामीण फ्रान्समध्ये घडणारा भयपट आहे. नावाचा अर्थ थवा. इंग्रजीभाषक देशांत तो ‘द स्वॉर्म’ या नावाने ओळखला जातो. लांबी १०१ मिनिटे. दिग्दर्शक ज्युस्त फिलिपो यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट असून पटकथा जेरोम जनव्रे आणि फ्रांक व्हिक्तोर यांची आहे. कॉमेदी-फ्रांसेझ या पॅरिसमधील जुन्या नाट्यसंस्थेच्या कलावती स्युलियान ब्राहिम यांनी त्यात प्रमुख भूमिका केली आहे. अलीकडच्या फ्रेंच भयपटांपैकी ज्यांच्याविषयी प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले, त्यांत या चित्रपटाचे नाव घ्यावे लागते. समीक्षकांनी त्याची बहुतांशी प्रशंसा केली. सामान्य प्रेक्षकांतील मतभेद मात्र टिकून राहिला, आणि त्या मतभेदामागची कारणे समजून घेण्याजोगी आहेत.

कथेची नायिका व्हिर्जिनी ही दोन मुलांची विधवा आई. लॉरा ही वयात येणारी मुलगी आणि गास्तों हा धाकटा मुलगा. घरच्या शेतावर व्हिर्जिनीने खाण्यायोग्य टोळ पाळण्याचा धंदा सुरू केला आहे. टोळांचे पीठ करून ते प्रथिनयुक्त खाद्य म्हणून विकायचे, हा तिचा बेत. पण पैदास पुरेशी होत नाही, मालाला उठाव नाही आणि कर्ज वाढत चालले आहे. शाळेत लॉराला आईच्या धंद्यावरून चिडवले जाते. शेजारचा द्राक्षबागायतदार करीम मदतीला उभा राहतो, पण त्याच्या मदतीलाही मर्यादा आहेत. वैतागाच्या भरात एके दिवशी व्हिर्जिनी पॉलिहाऊसमध्ये आदळआपट करते, पडते आणि बेशुद्ध होते. जाग येते तेव्हा टोळ तिच्या जखमेवर बसून रक्त चाखत असतात. त्या दिवसापासून टोळ भराभर वाढू लागतात, आणि पैदाशीचे गुपित हाती आल्यावर ते न वापरणे तिला परवडणारे नसते.

प्रेक्षकांच्या लक्षात राहणारी दोन दृश्ये येथे नोंदवली पाहिजेत. पहिल्यात रक्ताचा थेंबही नाही. व्हिर्जिनी बदके पाळणाऱ्या एका व्यावसायिकाकडे माल घेऊन जाते. तो भाव पाडून मागतो. दिलेला शब्द, ठरलेला दर, तिची निकड हे सारे त्याला ठाऊक आहे आणि म्हणूनच तो दर खाली आणतो. ब्राहिम यांच्या चेहऱ्यावर या क्षणी अपमान आणि हिशेब एकाच वेळी उमटतात. दुसरे दृश्य अंगावर येणारे. जखमेवरची पट्टी सोडून व्हिर्जिनी आपला उघडा हात टोळांच्या पिंजऱ्यात घालते. कॅमेरा अगदी जवळ जातो. टोळांचे पाय, जबडे, मिशा पडदाभर दिसतात, आणि पंखांची कोरडी फडफड व कुरतडण्याचा आवाज कानाला सोडत नाही. खरे टोळ आणि संगणकीय प्रतिमा यांची सांधेजोड इतकी बेमालूम आहे की, खरे कुठे संपले हे नजरेला सापडत नाही. किड्यांची किळस असलेल्या प्रेक्षकांना सर्वांत जड गेले ते याच प्रकारचे क्षण. गंमत म्हणजे या दृश्यात हल्ला कोणीच करत नाही. आई स्वखुशीने हात पुढे करते, आणि खरा काटा त्यामुळेच येतो.

चित्रपटाचा प्रवास महासाथीच्या काळातला. २०२० मध्ये कान महोत्सव नेहमीसारखा भरू शकला नाही. तरीही ‘समीक्षक सप्ताह’ या विभागाने आपल्या मान्यतेची मोहोर दिलेल्या मोजक्या चित्रपटांत ला न्युए होता. त्याच वर्षी स्पेनमधील सित्झेस येथील विलक्षणपटांच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. फ्रान्समधील चित्रपटगृहे ३० ऑक्टोबर २०२० पासून बंद होती, ती १९ मे २०२१ रोजी उघडली, आणि ला न्युए १६ जून २०२१ रोजी पडद्यावर आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो नेटफ्लिक्सवरून फ्रान्सबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. म्हणजे एकाच चित्रपटाला तीन वेगळे प्रेक्षकवर्ग लाभले : महोत्सवाचे रसिक, बऱ्याच महिन्यांनी चित्रपटगृहात परतलेले फ्रेंच प्रेक्षक, आणि घरबसल्या भयपटांच्या यादीतून निवड करणारे जगभरचे लोक. तिघांच्या प्रतिक्रियांत पडलेले अंतर बऱ्याच अंशी या फरकातून आले आहे.

व्होज पर्वतराजीतील जेरारमे या गावी दरवर्षी भरणारा भयपटांचा महोत्सव फ्रान्समध्ये या प्रकाराची कसोटी मानला जातो. १९९४ पासून तो आव्होरियाझच्या जुन्या महोत्सवाची परंपरा पुढे चालवत आहे. जानेवारी २०२१ मधला महोत्सव ऑनलाइन झाला. मुख्य पुरस्कार ब्रँडन क्रोननबर्ग यांच्या ‘पझेसर’ला गेला, समीक्षकांचा आणि प्रेक्षकांचा असे दोन्ही पुरस्कार ला न्युएने मिळवले. भयपट हंगामभर पाहणाऱ्या जाणकार मंडळींनीच त्याला मत दिले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण ‘हा भयपटाच्या चाहत्यांसाठी नाही’ असे पुढे सर्रास म्हटले गेले. फ्रान्सच्या सेझार चित्रपट पुरस्कारांतही सर्वोत्कृष्ट पहिल्या चित्रपटासाठी त्याला नामांकन होते.

अनुकूल प्रतिसादात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. पहिली, ब्राहिम यांचा अभिनय. ‘झोन ब्लांश’ या मालिकेमुळे त्यांचा चेहरा अनेकांच्या ओळखीचा होता. येथे त्यांनी आईची माया आणि हट्टाने आंधळे होत जाणे यांच्यातली सीमारेषा पुसून टाकली. दुसरी, शेतीच्या रोजच्या कामाचे तपशील : तापमान सांभाळणे, जाळ्या बदलणे, खाद्य टाकणे, पॅकिंग, वजन. तिसरी, माय-लेकीचे ताणलेले नाते. धंदा जसा वाढतो, पांढरी घुमटाकार पॉलिहाऊसे जशी एकामागून एक उभी राहतात, तशी लॉरा आईपासून तुटत जाते. हिचकॉक यांच्या ‘द बर्ड्‌स’ची (१९६३) आठवण अनेकांनी काढली. पण ती तुलना फार पुढे जात नाही. तिथे पक्षी का चवताळले हे शेवटपर्यंत गूढ राहते. येथे कारण पहिल्या अर्ध्या तासातच समोर मांडलेले आहे.

प्रतिकूल प्रतिसादही तितकाच ठाम होता. चित्रपट संथ आहे, टोळांचा खरा उत्पात फार उशिरा येतो, शेवट घाईत गुंडाळला आहे, आणि व्हिर्जिनीने इतके टोकाला का जावे हे पटत नाही, अशा तक्रारी सर्वत्र आढळतात. पाळीव जनावरांच्या वाट्याला येणारी दुर्गती पाहून काहींनी तो मध्येच सोडला. जाहिरातीवरून किड्यांच्या हल्ल्याचा थरारपट अपेक्षिलेल्यांची निराशा समजण्यासारखी आहे. शेवटाबाबतचा आक्षेप आम्हाला मान्य आहे : तासभर संयमाने रचलेला ताण अखेरच्या भागात ओळखीच्या मार्गाने सोडवला जातो, आणि करीमसारख्या पात्राला तेथे न्याय मिळत नाही. संथपणाचा आक्षेप मात्र चुकीच्या जागी बसतो. कर्ज माणसाला एका रात्रीत खात नाही, हप्त्या-हप्त्याने खाते. चित्रपटाची गती त्या हप्त्यांची आहे, आणि ती वाढवली असती तर व्हिर्जिनीचा निर्णय खरोखरच अनाकलनीय झाला असता.

फ्रेंच प्रेक्षकांना हा कर्जाचा धागा चटकन का सापडला, यालाही पार्श्वभूमी आहे. शेतकऱ्यांची हलाखी हा त्या काळातील फ्रेंच चित्रपटांचा महत्त्वाचा विषय होता. युबेर शारुएल यांच्या ‘पती पेझां’मध्ये (२०१७) एक तरुण गोपालक आजारी गाय लपवण्यासाठी एकामागून एक खोटे रचतो. एदुआर बेर्झों यांनी ‘ओ नों द ला तेर’मध्ये (२०१९) कर्जात बुडालेल्या आणि शेवटी जीव दिलेल्या आपल्या वडिलांची कहाणी सांगितली, चित्रपटगृहांत तो सुमारे वीस लाख प्रेक्षकांनी पाहिला. फ्रान्सच्या कृषी क्षेत्रातील सामाजिक विमा संस्थेच्या आकडेवारीत २०१५ या एका वर्षात शेतकरी व शेतमजूर मिळून ६०५ आत्महत्यांची नोंद आहे. हे सारे ठाऊक असलेला प्रेक्षक ला न्युए पाहायला बसतो तेव्हा टोळांच्या आधी त्याला शेतावरचे कर्ज दिसते. नेटफ्लिक्सवर केवळ भयपट म्हणून तो लावणाऱ्या परदेशी प्रेक्षकाकडे ही शिदोरी नसते, आणि ‘अर्धा चित्रपट कौटुंबिक नाट्यच आहे’ ही तक्रार तेथेच सर्वाधिक ऐकू येते.

टोळांचे पीठ ही कल्पना काहींना अतिरंजित वाटली. वस्तुस्थिती वेगळी आहे. ‘यलो मीलवर्म’ या भुंग्याच्या अळ्या माणसाने खाण्यास सुरक्षित असल्याचा अभिप्राय युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२१ मध्ये दिला. जूनमध्ये, म्हणजे चित्रपट फ्रान्समध्ये लागला त्याच महिन्यात, त्यांच्या विक्रीची परवानगी अमलात आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्थलांतरी टोळालाही युरोपीय संघाने खाद्य म्हणून मान्यता दिली. व्हिर्जिनीचा धंदा काळाच्या थोडा पुढे होता, इतकेच. नव्या जोडधंद्याच्या मागे लागून पहिल्या काही वर्षांत पिचून जाणारा शेतकरी कोणत्याही देशात भेटेल.

मराठी प्रेक्षकाला या चित्रपटाशी जोडणारा दुवा आणखी जवळचा आहे. मे २०२० मध्ये राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून वाळवंटी टोळांच्या झुंडी विदर्भात उतरल्या. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी-वरूड, वर्धा जिल्ह्यातील आष्टी, नागपूर जिल्ह्यातील काटोल या संत्रापट्ट्यात शेतकऱ्यांनी थाळ्या-डबे वाजवून त्यांना हुसकले आणि रात्री झाडांवर बसलेल्या झुंडींवर अग्निशमनाच्या बंबांतून फवारणी झाली. एक चौरस किलोमीटरची झुंड दिवसाला सुमारे ३५ हजार माणसांच्या खाण्याइतके पीक फस्त करते, असे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. ज्यांनी ते आभाळ पाहिले, त्यांना व्हिर्जिनीच्या पॉलिहाऊसमधील आवाज नुसता किळसवाणा वाटणार नाही. एक फरक मात्र मोठा आहे. चित्रपटातले टोळ आस्मानी संकट म्हणून येत नाहीत, शेतकरणीने ते स्वतः पोसलेले असतात. आस्मानी आणि सुलतानी ही आपल्याकडची विभागणी येथे कोलमडते, आणि म्हणूनच मराठी वाचकाने या चित्रपटाकडे लक्ष द्यावे असे वाटते.

ला न्युए प्रदर्शित झाल्यावर महिन्याभराने, १७ जुलै २०२१ रोजी, ज्युलिया द्युकुर्नो यांच्या ‘तितान’ला कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि फ्रेंच भयपटांच्या चर्चेचा सारा झोत तिकडे वळला. फिलिपो यांनी पुढे आपल्याच लघुपटावरून ‘आसिद’ (२०२३) हा आम्लवर्षावाचा चित्रपट केला. तो आकाराने मोठा आहे, पण ला न्युएमधील घरगुती धग त्यात नाही.

शेतीचे कर्ज जवळून पाहिलेल्या प्रेक्षकाने ला न्युए जरूर पाहावा. मूळ फ्रेंच ध्वनिपट आणि उपशीर्षकांसह पाहावा, कारण डबिंगमध्ये ब्राहिम यांचा आवाज हरवतो. रक्त, किडे किंवा जनावरांचे हाल सहन न होणाऱ्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.