डिशवॉशर (घरगुती)

जेवणाची व स्वयंपाकाची भांडी गरम पाण्याच्या फवाऱ्यांनी आणि अल्कधर्मी डिटर्जंटने धुणारे विजेवरचे यंत्र. यात भांडी जागची हलत नाहीत. खालून-वरून फिरणाऱ्या पोकळ पात्यांच्या भोकांतून पाणी जोराने त्यांच्यावर येते. घासणे ही क्रिया यात नाही. उष्णता, रसायन, वेळ आणि फवाऱ्याचा जोर एवढ्यावरच सगळे काम चालते. त्यामुळे घरासाठी यंत्र निवडताना कंपनी, रंग आणि प्रोग्रामांची संख्या यांच्या कितीतरी आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : नळाला येणारे पाणी आणि मोरीत पडणारी भांडी. दुकानात या दोहोंबद्दल सहसा कुणी विचारत नाही. पुढील विवेचन मुख्यतः महाराष्ट्रातील घरे डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

पूर्वपीठिका : भांडी धुण्याच्या यंत्राचे पहिले अमेरिकन पेटंट जोएल हॉटन यांनी १८५० मध्ये घेतले. ते लाकडी, हाताने फिरवायचे यंत्र पाणी उडवण्यापलीकडे फारसे काही करीत नसे. खऱ्या अर्थाने उपयोगी यंत्र इलिनॉय राज्यातील शेल्बिव्हिल येथील जोसेफिन कॉक्रेन यांनी बनवले. त्याच्या पेटंटची तारीख २८ डिसेंबर १८८६. बश्या-पेल्यांच्या मापाचे तारेचे खण आणि त्यांवर दाबाने येणारे पाणी ही त्यांची मूळ कल्पना आजच्या यंत्रातही तशीच आहे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात यंत्र गाजले, पण गिऱ्हाईक मिळाले ते हॉटेलांचे. तेवढे गरम पाणी पुरवण्याची सोय त्या काळच्या बहुतेक घरांत नव्हती. युरोपात मीले कंपनीने विजेवर चालणारे यंत्र १९२९ मध्ये आणले. कॉक्रेन यांची कंपनी पुढे हॉबार्ट या कंपनीकडे गेली आणि किचनएड या नावाने घरगुती यंत्र १९४९ मध्ये बाजारात आले. भारतात ही यंत्रे दुकानांत बरीच वर्षे होती, पण धुण्याभांड्याला बाई मिळत असल्याने शहरी मध्यमवर्गाने त्यांच्याकडे पाहिले नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांची फाटके बंद झाली, भांडी घरच्यांच्याच अंगावर आली आणि मागणी एकाएकी वाढली.

पाण्याचा जडपणा : निवडीतला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार गरम होताच भांड्यांवर आणि हीटरवर बसतात. पेल्यांवर पांढुरकी झाक येते, स्टीलच्या ताटांवर थेंबांचे डाग उमटतात आणि डिटर्जंटचा जोर कमी होतो. हे टाळण्यासाठी यंत्राच्या तळाशी आयन-विनिमय रेझिनचा कप्पा असतो. रेझिन हे क्षार धरून ठेवते आणि ते भरले की जाड मिठाच्या द्रावणाने पुन्हा ताजे केले जाते. हे मीठ म्हणजे खास जाड दाण्याचे, शुद्ध सोडियम क्लोराइड. स्वयंपाकातले बारीक आयोडीनयुक्त मीठ त्यात चालत नाही. त्यातील इतर घटक आणि बारीक दाणा यांमुळे कप्पा तुंबतो.

मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या जलाशयांचे पाणी मिळते आणि ते मृदू असते. पुण्यात खडकवासल्याचे पाणी ज्या भागांत पोहोचते तिथेही फारशी चिंता नाही. अडचण आहे ती शहरांच्या कडेच्या नव्या वसाहतींत आणि बोअरवेलवर चालणाऱ्या गावांत. तिथे एकाच टाकीत नळाचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी एकत्र होते आणि जडपणा महिन्यागणिक बदलतो. म्हणून पाणी तपासायचे ते एप्रिल-मे मध्ये. पावसाळ्यात तपासलेले पाणी बहुधा खोटा दिलासा देते.

जडपणा आणि टीडीएस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याचा फिल्टर बसवायला आलेला माणूस खिशातून काढतो ते पेनासारखे मीटर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या सर्व क्षारांचा अंदाज दाखवते. जडपणा पाहण्यासाठी कागदी पट्टी किंवा थेंबांचा संच लागतो. काही यंत्रांबरोबर पट्टी मिळते. यंत्रातील मोजणी पुष्कळदा जर्मन अंशांत असते, आणि एक जर्मन अंश म्हणजे सुमारे १७.८ पीपीएम. म्हणजे ३०० पीपीएमचे पाणी साधारण १७ अंशांचे झाले. आपल्या पाण्याचा सर्वाधिक आकडा आणि यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली कमाल मर्यादा शेजारी ठेवून पाहाव्यात. मर्यादा ओलांडली जात असेल तर घराच्या किंवा सोसायटीच्या पातळीवर सॉफ्टनर बसवल्याशिवाय यंत्र घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

काच धुरकट झाली की ती क्षारांमुळे की आणखी कशामुळे, हे घरच्या घरी कळते. पेल्याच्या एका बाजूला व्हिनेगर चोळावे. झाक गेली तर तो क्षार, मग यंत्रात लावलेली जडपणाची मात्रा किंवा मीठ तपासावे. गेली नाही तर काचच झिजली आहे. ही झीज उलट फार मृदू पाण्यात, जास्त तापमानात आणि डिटर्जंट गरजेपेक्षा अधिक पडल्याने होते व ती भरून येत नाही.

दाब, वीज, जागा : बहुतेक यंत्रांना नळात किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. ०.३ बार म्हणजे सुमारे तीन मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खाली, सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना नेमका एवढाही दाब मिळत नाही आणि नवेकोरे यंत्र पाणी येत नसल्याची खूण दाखवत उभे राहते. अशा घरात प्रेशर पंपाचा खर्च आधीच धरावा. पाणी तापवणाऱ्या हीटरसह यंत्राचा भार साधारण १,८०० ते २,४०० वॉट असतो, त्यामुळे १६ अँपिअरचा स्वतंत्र, अर्थिंग असलेला सॉकेट हवा. वॉशिंग मशिन आणि डिशवॉशर यांना एका नळावर दुहेरी तोटी लावून चालते. एका सॉकेटवर मल्टिप्लग लावून मात्र चालवू नयेत.

पूर्ण आकाराचे यंत्र ६० सेंमी रुंद, जवळपास तेवढेच खोल आणि ८५ सेंमीच्या आसपास उंच असते. अरुंद प्रकार ४५ सेंमीचा. ओट्यावर ठेवायचे छोटे यंत्रही मिळते. आपल्याकडचे ओटे पुष्कळदा ८० ते ८५ सेंमी उंच असल्याने ग्रॅनाइटखाली यंत्र सरकवण्याचा बेत तिथेच फसतो. काही यंत्रांचे वरचे झाकण काढता येते, सगळ्यांचे नाही. मोजताना मागे नळ्यांसाठी जागा सोडावी आणि पुढचे दार पूर्ण आडवे उघडते हे विसरू नये. दार उघडल्यावर फ्रिजपर्यंत जाता येते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. अनेक फ्लॅटांत यंत्र ड्राय बाल्कनीत जाते. तिथे पावसाची झड येत नाही याची खात्री हवी. कॅबिनेटच्या दारामागे बसणारे बिल्ट-इन प्रकार दिसतात देखणे, पण भाड्याच्या घरासाठी सुट्या उभ्या यंत्राला पर्याय नाही.

आकारमान आणि भांडी : यंत्राची क्षमता 'प्लेस सेटिंग'मध्ये सांगतात : बारा, तेरा, चौदा, सोळा. एक सेटिंग म्हणजे एका माणसाच्या युरोपीय जेवणाचा सरंजाम, अर्थात सपाट बश्या, सूपची बशी, कप, पेला, सुऱ्या-काटे-चमचे. त्यात वाट्या नाहीत, परात नाही आणि कुकरचे डबे तर नाहीतच. म्हणून 'बारा सेटिंग' म्हणजे बारा माणसांची भांडी असा अर्थ काढू नये. चौघांच्या घरातले एका दिवसाचे जेवण, म्हणजे ताटे-वाट्या, आमटीचे पातेले, भाजीची कढई, भाताचा डबा, कणकेची परात, एवढ्याने असे यंत्र सहज भरते. दोघांच्या घरासाठी लहान यंत्र सुचवले जाते, पण ते बहुधा चुकीचे ठरते, कारण माणसे कमी झाली म्हणून पातेल्यांची उंची कमी होत नाही. ओट्यावरच्या यंत्रात पातेले ठेवले की पेल्यांना जागा उरत नाही. जागा असेल तर ६० सेंमीचेच घ्यावे. गौरी-गणपतीच्या पंगतीचा हिशेब मात्र डोक्यात नको. त्या दिवसांत कोणतेच घरगुती यंत्र पुरणार नाही.

दुकानात जाताना घरातली सर्वांत मोठी कढई आणि परात बरोबर न्यावी. विक्रेता हसला तर हसू द्यावे. वरचा ट्रे भरलेला असताना खाली-वर करता येतो का, खालच्या ट्रेचे दाते आडवे पाडता येतात का, आणि परात तिरकी ठेवल्यावर वरचे पाते मोकळे फिरते का, हे तिथेच पाहावे. प्रोग्रामांच्या लांबलचक यादीपेक्षा हे तीन प्रश्न निर्णायक आहेत.

सर्व भांडी यंत्रात जात नाहीत. स्टेनलेस स्टील, काच, चिनीमाती ही त्याची हक्काची. ॲल्युमिनियम अल्कधर्मी पाण्यात काळे पडते. म्हणजे ॲल्युमिनियमचा कुकर बाद, आतले स्टीलचे डबे चालतील. बिडाचा तवा आणि लोखंडी कढई गंजतात, त्यांवर मुरलेला तेलाचा थर जातो. तांब्या-पितळेची झळाळी उतरते. पोळपाट-लाटणे फुगून चिरते. नॉनस्टिकचे आयुष्य घटते. ज्या घरात रोजचा स्वयंपाक लोखंड, बीड आणि ॲल्युमिनियममध्येच होतो, तिथे यंत्र घेऊनही निम्मी भांडी सिंकमध्येच राहतील, आणि ही निम्मी म्हणजे घासायला सर्वांत जड निम्मी. अशा घराने आधी भांडी बदलायची तयारी आहे का ते ठरवावे. लोखंडी कढईतली भाजी सोडून यंत्र घेणे प्रस्तुत लेखकाला तरी महाग सौदा वाटतो.

प्रोग्राम आणि खर्च : पूर्ण आकाराची यंत्रे एका खेपेला साधारण ९ ते १२ लिटर पाणी आणि प्रोग्रामनुसार एका युनिटच्या आसपास वीज घेतात. जाहिरातीतले सर्वांत कमी आकडे सहसा 'इको' प्रोग्रामचे असतात. तो ५० अंश सेल्सिअसच्या आसपास, पण तीन तास किंवा अधिक चालतो. कमी उष्णतेची भरपाई वेळेने होते. तेलकट कढयांसाठी ७० अंशांचा इन्टेन्सिव्ह प्रोग्राम लागतो आणि भारतीय बाजारासाठी काही कंपन्यांनी त्याला 'कढई' असे नावही दिले आहे. 'हाफ लोड'ने पाणी निम्मे होत नाही, थोडेसे वाचते इतकेच. दोघांच्या घरात त्यापेक्षा नुसते विसळून ठेवण्याचा छोटा प्रोग्राम अधिक कामाचा : मासळीची ताटे रात्रभर आत राहिली तरी वास धरत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी यंत्र भरून लावता येते.

पाणी वाचते हा दावा जपून घ्यावा. बॉन विद्यापीठातील रायनर श्टामिंगर यांच्या चमूने युरोपातील अनेक देशांच्या लोकांकडून बारा सेटिंगची भांडी हाताने धुऊन घेतली, तेव्हा सरासरी १०० लिटरच्या आसपास पाणी लागले. ती मोजणी त्या लोकांच्या सवयींची आहे. नळ बंद ठेवून घासणारी आणि बादलीत विसळणारी बाई त्या सरासरीत बसत नाही. ज्या घरी नळ धो-धो सोडून भांडी होतात तिथे यंत्राने बचत होईल, इतरत्र ती होईलच असे नाही. यंत्र घ्यावे ते वेळेसाठी आणि हातांसाठी. मीठ, डिटर्जंट आणि भांडी चटकन निथळावीत म्हणून लागणारे रिन्स एड हा खर्च कायमचा आहे. तो खरेदीच्या किमतीइतक्याच गांभीर्याने मोजावा.

वाळवण्याच्या पद्धतींत फरक असतो. साध्या यंत्रात भांड्यांची स्वतःची उष्णताच पाणी उडवते; स्टील व काच कोरडी होतात, प्लॅस्टिकचे डबे ओलेच राहतात. शेवटी दार आपोआप किलकिले करणारी यंत्रे यात सरस आहेत. काही महाग यंत्रांत झिओलाइट हे खनिज ओल शोषून उष्णता सोडते. फुलपात्राच्या बुडाशी साचणारे चमचाभर पाणी मात्र कोणत्याही यंत्रात साचतेच, म्हणून वरच्या ट्रेआधी खालचा ट्रे रिकामा करावा.

वापर आणि देखभाल : भांडी आधी धुऊन ठेवायची नसतात, खरकटे तेवढे काढायचे. करपलेले दूध यंत्राने निघत नाही. ते भिजत घालावेच लागते. वाट्या एकात एक बसवल्या तर जशाच्या तशा बाहेर येतात. बटण दाबण्यापूर्वी दोन्ही पाती हाताने एकदा फिरवून पाहावीत, उभी ठेवलेली पळी किंवा झारा हमखास मध्ये येतो. तळाची जाळी आठवड्याला काढून धुवावी. मराठी घरातल्या जाळीत सापडतात ते शिते, कढीपत्ता आणि फोडणीची मोहरी. मोहरीचा दाणा पात्याच्या भोकात अडकला की तेवढ्या पट्ट्यातली भांडी चिकट राहतात आणि दोष डिटर्जंटला दिला जातो. टूथपिकने भोक मोकळे करता येते.

विक्रीनंतरची सेवा गावागणिक बदलते. जिल्ह्याच्या ठिकाणी वॉशिंग मशिन दुरुस्त करणारा सहज मिळतो, डिशवॉशरचा मिळेलच असे नाही. पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या क्रमांकावर स्वतःच्या पिनकोडची चौकशी करावी. यंत्र जोडायला येणाऱ्या तंत्रज्ञाकडून जडपणाची मात्रा आपल्यासमोर लावून घ्यावी, कारण कारखान्यातून आलेली मात्रा आपल्या पाण्याशी जुळेलच असे नाही. पहिल्या वेळी मिठाचा कप्पा आधी पाण्याने भरून मग त्यात मीठ ओततात. त्यानंतर पाणी भरावे लागत नाही. मीठ घालताना खारे पाणी तळाशी सांडतेच. म्हणून मीठ नेहमी धुण्याचा प्रोग्राम लावण्याच्या अगदी आधी भरावे. रात्रभर तसेच राहिल्यास स्टीलच्या तळावर गंजाचे ठिपके पडतात.