दिनविशेष : १४ नोव्हेंबर
१८९६ : ताशी ४ मैलांची वेगमर्यादा आणि मोटारीपुढे माणूस चालवण्याची सक्ती ब्रिटनमध्ये या दिवशी संपली. त्या सकाळी लंडनमध्ये न्याहारीच्या वेळी लॉर्ड विंचिल्सी यांनी त्या सक्तीचे प्रतीक असलेले लाल निशाण फाडले आणि तीसेक मोटारी ब्रायटनकडे निघाल्या. या फेरीचे आयोजक होते ब्रिटिश डेमलर कंपनीचे संस्थापक हॅरी लॉसन. तिच्या स्मरणार्थ १९२७मध्ये सुरू झालेली जुन्या गाड्यांची फेरी आजही नोव्हेंबरात निघते. गाडी १९०५च्या आधीची हवी, ही अट. संग्रहालयातली मोटार नुसती उभी असते. इथे तिला सुमारे ६० मैल धावून दाखवावे लागते. म्हणूनच शतकापूर्वीची इंजिने दुरुस्त करणारे हात टिकले. नवे वाहन रस्त्यावर आणायचे तर आधी कायदा बदलावा लागतो, हेही या तारखेने दाखवून दिले.