बाबांच्या माघारी

सांगली, 1935 च्या सुमारास. मंगेशकरांच्या घराबाहेर उभे राहा, पण पायांचा आवाज करू नका. आत मास्टर दीनानाथांचा एक शिष्य पुरिया धनाश्री घोकतो आहे. गुरुजी बाहेर गेलेत. खेळता खेळता पाचेक वर्षांची पोर थबकते, आत शिरते आणि त्या मोठ्या मुलाला सांगते की हे असं नाही, बाबा असं गातात. नुसतं सांगत नाही, गाऊन दाखवते. मागे दीनानाथ येऊन उभे राहिलेत, हे तिला दिसत नाही. तुम्हाला दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते लेकीला उठवून तंबोऱ्यापाशी बसवतात. पहिला धडा पुरिया धनाश्रीचाच. संध्याकाळचा राग, तोही सकाळी! बापाला आज वेळेचं शास्त्र सुचत नाहीये. तुम्हीही आठवण करून देऊ नका.

आणखी थोडं पुढे सरका. दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळी या नाटकमंडळीचा 'सौभद्र'चा प्रयोग, आणि नारदाचं काम करणारा नटच नाही. दहा वर्षांचीही न झालेली तीच लेक, लता, म्हणते, मी करते. अर्जुनाच्या वेशातल्या बाबांशेजारी हा एवढासा नारद कसा दिसेल, याचीच सगळ्यांना धास्ती. पण तुमच्या कानांवर 'वन्समोअर' आदळतो, आणि प्रेक्षकांपेक्षा अर्जुनच जास्त खूश दिसतो.

पुढचं भराभर बघून घ्या, बघवण्यासारखं नाही. बोलपट आले, नाटकमंडळ्या खचल्या. दीनानाथांनी स्वतः चित्रपटात हात घातला, तो भाजला. सांगली सुटली.

पुणे, 24 एप्रिल 1942. दीनानाथ गेले, वय 41. लता बारा वर्षांची, आशा आठ, हृदयनाथ अवघा चार. आता शोकसभा होईल, लेक बाबांबद्दल दोन शब्द बोलेल, म्हणून तुम्ही थांबला असाल तर निघा. ती कामावर निघाली आहे. चित्रपट-दिग्दर्शक मास्टर विनायकांनी कुटुंबाला हात दिला, 'पहिली मंगळागौर'मध्ये भूमिका दिली. तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभं राहणं तिला मनापासून नकोसं होतं. घरात आई, म्हणजे माई, आणि चार धाकटी भावंडं होती, म्हणून उभी राहिली.

माझ्या मते तिने बाबांना दिलेला निरोप तो हाच, आणि तो ऐंशी वर्षं चालला. मुंबईच्या स्टुडिओत चला: लताबाई मायक्रोफोनपुढे चपला काढून उभ्या आहेत. दर 24 एप्रिलला त्या पुण्यतिथीचा कार्यक्रम करतात, त्यात गाणं असतंच. 2001 साली पुण्यात एरंडवण्याला रुग्णालय उभं राहतं, नाव दीनानाथांचं. 6 फेब्रुवारी 2022 ला त्याही गेल्या.

आता परत या आणि एक काम करा. दीनानाथांच्या जुन्या तबकड्यांवरची नाट्यगीतं आजही ऐकायला मिळतात. शोधा. आवाज खरखरीत येईल, पण ती धारदार, अंगावर येणारी तान नीट ऐका. मग लगेच लताबाईंचं तुमच्या आवडीचं कुठलंही गाणं लावा. लेकीने बाबांकडून काय घेतलं ते ऐकू येईल, आणि काय मुद्दाम सोडून दिलं तेही.