काचेवरील मुद्रा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास छायाचित्रणाची विद्या भारतात रुजली, तेव्हा माणसाची मुद्रा टिपण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी वाढल्या. पहिली राज्यकर्त्यांची. जॉन फोर्ब्स वॉटसन व जॉन विल्यम के यांनी संपादिलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांत शेकडो माणसे आहेत. परंतु बहुतेकांची ओळख जात, जमात आणि प्रदेश एवढ्यावरच संपते. १८५७ च्या उठावानंतर प्रजेला जाणून घेणे शासनाला निकडीचे वाटू लागले होते, आणि जाणणे म्हणजे वर्गवारी करणे, अशी त्याची समजूत होती.

दुसरी रीत जयपूरच्या राजवाड्यात दिसते. महाराजा सवाई रामसिंह दुसरे (निधन १८८०) स्वतः कॅमेरा हाताळीत. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती रौप्यक्षारात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन धुवायची, असे ते जिकिरीचे काम. समोरच्या व्यक्तीला काही क्षण निश्चल बसावे लागे. पडद्यात वावरणाऱ्या जनान्यातील स्त्रियांनाही महाराजांनी असे बसविले. राजाज्ञेपुढे त्यांना नकाराची मुभा कितपत होती, हा प्रश्न उरतोच. तरीही त्या चित्रांतील स्त्रिया एखाद्या जमातीचा नमुना म्हणून मांडलेल्या नाहीत. प्रत्येकीची मुद्रा तिची स्वतःची आहे. शिवाय महाराजांनी शिवभक्ताच्या वेषात आपलीही छायाचित्रे घेतली. पाहणाऱ्याने पाहिले जाण्याचे दायित्वही पत्करले.

या वारशातून प्रेरणा घेणे म्हणजे जुन्या चित्रांच्या मोहात पडणे नव्हे. बंगळूरच्या चित्रकर्त्या पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ ही चित्रमालिका सिद्ध केली. मानववंशशास्त्राच्या नावाखाली चौकटींच्या पडद्यापुढे मोजल्या गेलेल्या स्त्रीच्या जागी त्या स्वतः उभ्या राहिल्या. मूळ चित्रातील स्त्रीला बोलण्याची संधी नव्हती. नव्या चित्रातील स्त्रीने ते चित्र स्वतःच रचले आहे.

जुन्या काचा आता नाजूक झाल्या आहेत. त्यांवरील माणसे मात्र पाहणाऱ्याला अजून एकच गोष्ट विचारतात: आम्हांला तुम्ही कोणत्या नावाने ओळखाल?